लक्ष्याचा सत्कार

शत्रूच्या तोफा कुठे दडल्या आहेत हे वरून हेरून त्यांच्यावर अचूक बॉम्ब टाकणारा ड्रोन सोलापुरात तयार झाला आहे, आणि तो सर्वांत आधी नवनाथच्याच तुकडीला मिळणार आहे, हे कळल्यावर मंद्रूपच्या रावजींना देव पावल्यासारखं वाटलं. नवनाथ त्यांचा एकुलता मुलगा, सरहद्दीवर तोफखान्यात. समोरच्या डोंगराआडून रोज गोळे येतात आणि नेमके कुठून येतात ते कळत नाही, एवढं तो फोनवर एकदा बोलून गेला होता. तेव्हापासून त्याच्या आईने, बजाबाईंनी, सोमवार धरले होते आणि रावजींनी बातम्यांचं चॅनल.

ड्रोन बनवला होता युवराजने. हा युवराज कालपरवापर्यंत लग्नाचं शूटिंग करायचा. अक्षता पडल्या की त्याचा ड्रोन नवरानवरीवर वरून गुलाबपाकळ्या सोडायचा. संरक्षणात स्वदेशी माल हवा अशी हाक आल्यावर त्याने पाकळ्यांच्या जागी बॉम्ब बसवला, दुकानाच्या पाटीवरचं ‘मंगल’ पुसून ‘डिफेन्स’ रंगवलं, आणि देशाच्या तोफखान्याचं आधुनिकीकरण सुरू झालं.

चाचणीच्या नियमांत प्रत्यक्ष वापर करणाऱ्या तोफचीचा अभिप्राय आवश्यक होता. सरहद्दीवरून तोफची बोलवायचा तर रजा, रेल्वे, प्रवासभत्ता, सगळंच आलं. मंद्रूपहून चाचणीसाठी होटगीला येणारा तोफची सोयीचा. म्हणून आधुनिकीकरण समितीने तोफखान्यातूनच निवृत्त झालेले हवालदार रावजी यांना ‘वापरकर्ता’ घोषित केलं.

“फौज सोडून वर्सं झाली, तुमचं गुडघं गेलं की,” बजाबाई म्हणाल्या. “तुमच्या वक्ताला ड्रोन कुटं हुता?”

“ड्रोन नसंल. तोफ तीच हाय अजून,” रावजी म्हणाले, आणि जुनी पदकं चिंचेने घासायला बसले.

होटगीच्या माळावर बाभळीखाली प्लायवूडची तोफ मातकट रंगवून ठेवली होती. तिच्यापासून सुरक्षित अंतरावर मांडव, मांडवात व्यासपीठ, व्यासपीठावर प्रमुख पाहुणे आणि समिती. ड्रोन उडण्याआधी सर्वांना गुलाबी फेटे बांधण्यात आले, प्रत्येकाला हार आणि सोलापुरी चादर देण्यात आली, ड्रोनपुढे नारळ फोडण्यात आला. उपवासाच्या दिवशी फराळातच पोट तुडुंब व्हावं आणि देवाचं नाव घ्यायचं राहून जावं, तसा सत्कारातच दुपार झाली. बॉम्ब अर्थातच खरा नव्हता. नेम लागला की लांबून दिसावं म्हणून त्यात गुलाल भरला होता.

पायल नावाच्या इंजिनिअर मुलीने बटण दाबलं. ड्रोन उठला, बाभळीवर गेला, तोफेवरून पुढे सरकला, क्षणभर थबकला आणि वळून थेट मांडवाकडे आला. व्यासपीठापुढे तो प्रमुख पाहुण्यांभोवती अदबीने दोनदा फिरला, बरोबर फेट्यावर स्थिर झाला आणि त्याने बॉम्ब सोडला.

पाहुणे नखशिखांत गुलाल झाले. मग मागून कुणीतरी “विजय असो!” ओरडलं, हलगी वाजू लागली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. आपल्याकडे गुलाल पडलेला माणूस हरलेला असू शकत नाही, हे पाहुण्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी हात उंचावून अभिवादन स्वीकारलं.

रावजी मात्र समितीच्या अध्यक्षांजवळ जाऊन हळूच म्हणाले, “सायेब, ह्यानं तोफ सोडून मानूस धरला की.”

अध्यक्षांनी पायलला बोलावलं.

“सर, याला ओळख पटते ती चित्रं दाखवून दाखवून,” ती म्हणाली. “आम्ही तोफांची चित्रं मागितली होती. ती गोपनीय असल्याने मिळाली नाहीत. मग युवराजसरांकडे लग्नांचं शूटिंग होतं, तेच दाखवलं. त्यामुळे त्याला फेटा आणि हार सोडून दुसरं काही ओळखता येत नाही. पण ते अगदी अचूक ओळखतो.”

“म्हणजे अचूकतेचा प्रश्न नाही,” अध्यक्ष म्हणाले.

“अचूकतेचा नाही, सर.”

“मग प्रश्न लक्ष्याचा आहे. ड्रोन बदलायचा तर नवी निविदा काढावी लागेल. लक्ष्य बदलायला तोंडी सूचना पुरते.”

युवराजने तत्परतेने पाहुण्यांच्या गळ्यातला हार काढून प्लायवूडच्या तोफेला घातला आणि नळीला फेटा गुंडाळला. तोफ आता वरातीच्या घोड्यासारखी दिसू लागली. ड्रोन पुन्हा उडाला आणि एका दमात तोफेवर गुलाल! समितीतले दोघे एकमेकांना कडकडून भेटले.

“वापरकर्ते समाधानी आहेत का?” माइकवरून विचारणा झाली.

रावजी उठले. ‘न्हाय’ हा शब्द त्यांच्या ओठांवर आला होता. तेवढ्यात युवराजने त्यांच्या खांद्यावर चादर टाकली, डोक्यावर फेटा चढवला आणि “हवालदारसाहेब म्हंजे आपल्या तालुक्याचा वाघ!” अशी आरोळी ठोकली. इतकी माणसं आपल्यासाठी टाळ्या वाजवताना रावजींनी जन्मात पाहिली नव्हती. त्यांच्या तोंडून निघालं, “लई समाधानी.”

ड्रोन सरहद्दीकडे रवाना झाले. मागोमाग एक किरकोळ तांत्रिक बाब समितीच्या ध्यानात आली. शत्रू आपल्या तोफांना हार घालत नाही.

समिती डगमगली नाही. हाराविना ड्रोन चालत नसेल, तर हार हा दारूगोळाच आहे, असा निर्णय झाला आणि ‘दारूगोळा (सुवासिक)’ हा नवा वर्ग निर्माण करण्यात आला. मंद्रूपचा झेंडू लष्कराच्या नावाने उचलला गेला. खऱ्या तोफगोळ्यांची मागणी कित्येक वर्षं सहीसाठी पडून होती, पण झेंडू नाशवंत असल्याने त्याची सही त्याच दिवशी झाली. गोळ्यांसाठी राखून ठेवलेल्या गाड्या आतून गार करून हारांना देण्यात आल्या. गोळे मागच्या गाडीने येतील, असं तोफखान्याला कळवण्यात आलं. मागची गाडी कोणती, हे ठरायचं आहे.

राहता राहिलं हार घालण्याचं काम. हार शत्रू स्वतः घालून घेणार नाही, हे समितीने मोठ्या मनाने मान्य केलं आणि ‘लक्ष्य-सत्कार पथक’ उभारण्याचा आदेश काढला. अंधारात सरहद्द ओलांडायची, शत्रूच्या तोफेपर्यंत पोचायचं, तिला फेटा बांधायचा, हार घालायचा, आणि ड्रोन यायच्या आत परतायचं. जवानाच्या अंगाला पाकळी चिकटलेली राहिल्यास होणाऱ्या परिणामांची जबाबदारी जवानाची.

पहिला मान नवनाथला मिळाला. यंत्राला पसंती देणाऱ्या वापरकर्त्याचा मुलगाच पुढे असला की इतरांचा विश्वास बसतो.

त्याचा फोन आला. “आबा, मला फेटा बांदायला शिकिवत्यात हितं.”

“आरं, कशापायी?”

“शत्रूच्या तोफंला बांदायचाय. आमी म्हनलं, तितवर पोचलो तर तोफच उडवून येऊ की, ड्रोन कशाला पायजे? तर सायेब म्हनले, तसं केलं तर ड्रोनचा वापर झाला न्हाय असं हुतंय. आबा, तुमीच पास केलासा न्हवं?”

बजाबाईंनी रावजींच्या हातातून फोन घेतला, नवनाथला सांभाळून राहा म्हणाल्या, आणि त्यानंतर नवऱ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. सोमवार होता. त्यांनी पाणीही सोडलं.

दुसऱ्या दिवशी रावजी समितीच्या कार्यालयात उभे राहिले. “सायेब, माजा अभिप्राय माघारी द्या. मी खोटं बोललो.”

“तशी सोय नाही, आबा,” अध्यक्ष मायेने म्हणाले. “वापरकर्त्याचा अभिप्राय अंतिम असतो. त्यात वापरकर्त्याने ढवळाढवळ करू नये.”

“पर माजं पोरगं जातंय तितं!”

“तुमच्या भावना आम्ही समजू शकतो,” अध्यक्ष गहिवरले, आणि ताबडतोब मंद्रूपच्या चौकात वीरपित्याचा जाहीर सत्कार ठरवण्यात आला.

नवनाथचं पथक ज्या संध्याकाळी निघणार होतं, त्याच संध्याकाळी चौक खचाखच भरला. रावजींना धरून आणलं, खुर्चीत बसवलं, गळ्यात हारांवर हार पडले. माइक तोंडाशी येताच ते ताडकन उठले आणि जिवाच्या आकांताने ओरडले, “त्यो ड्रोन चालत न्हाय! माज्या पोराला माघारी बलवा! तुमी समद्यांनी बगितलंय की होटगीला, तोफ सोडून कुटं गेला त्यो!”

होटगीला गेलेले निम्मे लोक चौकात होते. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग युवराजने बँडवाल्यांना खूण केली आणि पुढचं काही ऐकू आलं नाही.

त्या क्षणाचा फोटो तुमच्याही मोबाइलवर आला होता. गळ्यात हार, डोळ्यांत पाणी, तोंड उघडं, आणि खाली ओळ, ‘अभिमानाने ऊर भरून आलेला पिता’. तुम्ही त्यावर तीन झेंडे आणि हात जोडलेलं एक चित्र टाकलंत, आणि तो माणूस काय ओरडतोय हे न विचारता फोटो पुढच्या गटात पाठवून दिलात. नवनाथ तेव्हा तारांच्या कुंपणाखालून पोटावर सरकत होता.