उपेंद्रच्या गॅरेजचं गुडविल

उपेंद्र सबनीसच्या दुबईत रास अल खोरमधल्या गॅरेजची किंमत ठरवायला एक माणूस, व्हॅल्युअर, येणार होता. तो कोण आणि कधी येणार, हे मात्र कुणी सांगत नव्हतं. वीणाशी घटस्फोट ठरला होता. अडलं होतं ते तिच्या निम्म्या वाट्यावर.

"मशिनरीचं सोपं आहे," वकीलबाई म्हणाल्या होत्या, "पण गुडविलही धरतात. म्हणजे गिऱ्हाइकांचा तुमच्यावर विश्वास किती ते."

"आणि विश्वासच नसला तर?"

"मग तुम्हाला कमी द्यावं लागेल."

उपेंद्रने एवढंच डोक्यात ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून त्याला प्रत्येक गिऱ्हाइकात तो व्हॅल्युअर दिसू लागला. एकदा चकचकीत बूट घातलेला एक गृहस्थ आला आणि पाटीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. उपेंद्र सावध झाला.

"एसी गार हवा देत नाहीये," गृहस्थ म्हणाला. "कॉम्प्रेसर गेला का?"

"गेला नाहीये. आमच्याकडे ठेवलात तर जाईल. घरीच फिल्टर साफ करा. साडेतीनशे दिरहम, म्हणजे आठ हजार रुपये, उगाच कशाला घालवता? यल्ला, निघा."

गृहस्थ गेला, आणि दोनच दिवसांत ऑफिसातल्या चौघांना घेऊन आला. "काम नको म्हणणारा गॅरेजवाला दुबईत हा एकच," तो त्यांना सांगत होता.

आता पाच संशयित झाले. उपेंद्रने त्यांना सांगितलं की ब्रेकचं काम आपल्याला धड जमत नाही. नेहमीच्या एका बाईंना तर मागचं बिल फुगवल्याची कबुली देऊन वरचे पैसे परत केले. त्या बाईंनी ते आपल्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. पंधरवड्यात गाड्यांची रांग पलीकडच्या गोदामापर्यंत गेली, आणि प्रत्येक गाडीत उपेंद्रला व्हॅल्युअर बसलेला दिसत होता.

शेवटी जुमेरा लेक टॉवर्समधल्या व्हॅल्युअरच्या ऑफिसात दोघांना, उपेंद्रला आणि वीणाला, बोलावणं आलं. व्हॅल्युअरचं नाव नूरुद्दीन. उपेंद्रने त्याचा चेहरा दोनदा निरखला.

"आप गॅरेज में कब आए थे?"

"मैं आया ही नहीं. आपके कस्टमर्स को फोन किया," नूरुद्दीन म्हणाला. "गुडविल डबल निकला है. सब बोलते हैं, ये आदमी झूठ नहीं बोलता."

"कोण, हा?" वीणाने विचारलं.

उपेंद्रने घसा खाकरला. "एवढी कॅश माझ्याकडे नाहीये, वीणा."

"कॅश नको मला," ती शांतपणे म्हणाली. "पार्टनरशिप दे."

लग्न टिकून होतं तोवर वीणा रात्रीच्या जेवणापुरती समोर यायची. घटस्फोट झाल्यापासून ती रोज सकाळी आठला गॅरेजमध्ये येते, काउंटरवर त्याच्या समोर बसते, आणि तो गिऱ्हाइकाशी बोलू लागला की हातातलं काम ठेवून लक्षपूर्वक ऐकते.