अठरावी लाल चिठ्ठी

नोव्हेंबर २००६, दुसरा रविवार, सकाळी दहा. इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीची सभा. हजर: नऊ सभासद, सेक्रेटरी म्हणून मी, आणि सभासद नसूनही पुढची खुर्ची अडवून बसलेल्या सुमनवहिनी. विषय एकच: वहिनींचे यजमान देवरेभाऊ आणि त्यांच्या लाल चिठ्ठ्या.

मूळचे देवळ्याचे भाऊ अंबडच्या कारखान्यात तीस वर्षं इन्स्पेक्टर होते. खोट असलेल्या पार्टवर लाल चिठ्ठी चिकटवून “रिजेक्ट!” म्हणायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाले ते चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊनच. मग पाण्याची मोटर रिजेक्ट, गेटची कडी रिजेक्ट, जिन्याची तिसरी पायरी अर्धा इंच उंच म्हणून रिजेक्ट. माझ्या नोटिशीवरही चिठ्ठी: ‘समास वाकडा.’ माझा! जिची वाणसामानाची यादीसुद्धा पट्टीने आखलेली असते!

“आठ दिवसांत सगळ्या चिठ्ठ्या निघाल्या पाहिजेत,” मी सुनावलं.

“माल सुधारला की निघतील,” भाऊ म्हणाले. “ज्यानं लावली त्यानंच फेरतपासणी करून काढायची. नियम हाय.”

“मग मलाही लावा की एक,” डोक्याचा स्कार्फ सारखा करत वहिनी म्हणाल्या. “सगळ्यात मोठा डिफेक्ट माझ्यातच.”

वहिनींना स्तनाचा कॅन्सर होता. केमो होऊनही गाठी परत आल्या होत्या. मुंबईच्या डॉक्टरांनी अजून चाचणीवर असलेला नवा उपचार सुचवला होता: वहिनींच्याच रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना कॅन्सरची ओळख पटवायची आणि परत अंगात सोडायच्या. हमी नाही, हेही स्पष्ट सांगितलं होतं.

भाऊ भडकले ते डॉक्टरांवर नव्हे, पेशींवर! “एवढी गाठ समोरून गेली आणि या बघत बसल्या? माझ्या खात्यात असत्या तर एकेकीला मेमो दिला असता. आता म्हणे ट्रेनिंग!” सभेनंतर तिसऱ्या दिवशी त्या पेशींची पहिली पिशवी सलाईनसारखी लागली तेव्हा तिच्याकडे बोट रोखून त्यांनी दम भरला, “या वेळी नीट बघा. काय पण पास करू नका.”

“कुणाशी बोलताय, काका?” नर्सने विचारलं.

“नव्या स्टाफशी.”

सभेनंतर आठव्या दिवशी मी यादी घेऊन सोसायटीभर फिरले. सतराच्या सतरा चिठ्ठ्या निघालेल्या. पायरी तर भाऊंनी स्वतः छिन्नी घेऊन सारखी केली होती. (नोटीस मी गुपचूप पुन्हा टाइप केली होती.) पण त्यांच्या दारावर एक नवीच चिठ्ठी दिसली. नावाच्या पाटीवर, बरोबर ‘देवरे’वर.

“ही कशाला आता?” मी चिडूनच विचारलं.

भाऊंनी आवाज खाली आणला. “सेक्रेटरीबाई, गाठ तिनं पहिल्यांदा मला दाखवली होती. डॉक्टरकडं जाऊ का, म्हणाली. मी बोट लावून बघितलं. म्हटलं, काय नाय, चरबी हाय. ओके. त्यात आठ महिने गेले. पेशींना कसला मेमो देतो मी?”

आतून वहिनी ओरडल्या, “अहो, मी कधीच पास केलंय तुम्हाला! काढा ती चिठ्ठी, लोक हसतात!”

“तुझा रिपोर्ट येऊ दे,” भाऊ दारातूनच म्हणाले.

रिपोर्टला अजून तीन महिने. मी जिन्यातच थांबून यादीत एक ओळ वाढवली. सतरा ओळींपुढे टिक आहे. अठरावी: फ्लॅट नंबर नऊ, नावाची पाटी. चिठ्ठी काढायची आहे.