काजळी जळेपर्यंत थांबायचं नाही

“यंत्राला काय दुखतंय ते मला नुसत्या आवाजावरून कळतं!”

शिवदासरावांनी हे वाक्य उच्चारलं की इंदूबाई आधी पायांतल्या चपला धड आहेत ना ते बघून घेत. या वाक्यानंतर चालावं लागतं, हा त्यांचा लग्नापासूनचा अनुभव होता. याच वाक्यानंतर त्या नव्या नवरीच्या वेषात चौल ते रेवदंडा चालत गेल्या होत्या. पुढे मोटरसायकल ढकलणारे शिवदासराव आणि मागे तिचा निखळलेला आरसा हातात धरून, त्यात स्वतःचं नशीब बघत इंदूबाई! याच वाक्यानंतर त्यांच्या स्टोव्हनं स्वयंपाकघराच्या छताला असा काळा टिळा लावला, की किती वेळा चुना मारला तरी तो वर येऊन डोळा मारी. शाळेतून निवृत्त झालेल्या इंदूबाईंना पहिल्या वर्गातल्या मुलांची नावं अजून पाठ होती. नवऱ्याच्या दुरुस्त्या त्या कशा विसरतील?

शिवदासरावांनी कारखान्यात जन्मभर कंप्रेसर सांभाळले होते. त्यामुळे जगातली सगळी यंत्रं ही कंप्रेसरची लहान भावंडं, अशी त्यांची समजूत. मुलगा संघर्ष आणि सून दोघंही दोह्याला नोकरीला. त्यांनी तिथून पैसे पाठवून दारात नवी कोरी डिझेल गाडी उभी केली आणि भावंडांत आणखी एकाची भर पडली.

“नवी गाडी पळवायची नसते. आधी रुळू द्यायची!” शिवदासरावांनी जाहीर केलं.

गाडी दोन वर्षं रुळत होती! थळच्या घरातून बंदरावर मासळी घ्यायला जायचं आणि बांगडे मागच्या सीटवर बसवून परत यायचं, एवढाच तिचा प्रवास. सायकलवरचा पाववाला त्यांना मागे टाकून जाई आणि वर विचारी, “काका, ढकलू का?”

कधीमधी दारात येऊन थांबलं की गाडीचं इंजिन एकाएकी घुमायला लागे, पंखा घोंघावे, करपल्यासारखा वास येई. मग शिवदासराव झडप घालून चावी फिरवत आणि बॉनेटवर हात फिरवत म्हणत, “तापली बिचारी!” इंदूबाईंना ताप आला तेव्हा एवढ्या मायेनं कुणी हात फिरवल्याचं त्यांना काही आठवत नव्हतं. आणि त्यांना तर सगळंच आठवे.

मग एके सकाळी काट्यांच्या शेजारी पिवळा दिवा लागला. चौकोनी डबा आणि आत ठिपके.

“साबुदाण्याचा डबा दिसतोय,” इंदूबाई म्हणाल्या.

नात साक्षीनं गाडीबरोबर आलेलं पुस्तक प्लॅस्टिक फाडून पहिल्यांदाच उघडलं. “आजोबा, काजळीचा फिल्टर भरलाय. धुरातली काजळी त्यात अडकते. गाडी जरा जोरात पळाली की फिल्टर तापतो आणि ती आपोआप जळते. तुम्ही गाडी पळवतच नाही!”

“पुस्तक लिहिणाऱ्यानं कंप्रेसर बघितलाय का कधी?” म्हणत शिवदासराव गाडीच्या मागे जाऊन उकिडवे बसले. खिशातला पांढरा रुमाल त्यांनी सायलेन्सरमध्ये बोटभर खुपसला, फिरवला आणि विजयी मुद्रेनं बाहेर काढला. “कुठाय काजळी? दाखव!”

“खिशात होता त्यापेक्षा स्वच्छ निघाला की!” इंदूबाई म्हणाल्या.

“दिवा खोटा आहे!” असा निकाल देऊन शिवदासरावांनी दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. दुरुस्ती संपली!

एरवी इंदूबाईंनी हसून सोडून दिलं असतं. पण रविवारी याच गाडीतून उरणला जायचं होतं, साक्षीसाठी स्वराजचं घर बघायला. पोरांनी एकमेकांना पसंत केलं होतं. स्वराजच्या वडिलांचे, सुजितचे, बंदरावर कंटेनर वाहणारे ट्रेलर होते. आता सगळं अडलं होतं स्वराजच्या आजीच्या होकारावर. कोकिळाबाई आधीच म्हणाल्या होत्या, “थळवाले ताठ असत्यात, ऐकून हाय मी.” साक्षीचे आईवडील दोह्याला, तेव्हा थळवाले ताठ नसतात हे सिद्ध करण्याची जबाबदारी आजीआजोबांवर!

“आजी, एवढं नीट पार पडू दे गं,” साक्षीनं आदल्या दिवशी हात धरून सांगितलं. इंदूबाईंनी चपलांना अंगठे शिवून घेतले.

रविवारी अलिबागला पोचेपर्यंत गाडीनं मान टाकली. पाय कितीही दाबा, ती आपली ढिम्म! शेवटी हितेशच्या गॅरेजात नेली. हितेश म्हणजे तोंडात मावा आणि कानात गाणी असलेला मेकॅनिक. त्यानं स्टिअरिंगखाली स्कॅनरची पिन खोचली.

“काय काका, डांबर भरलं काय आत? फिल्टर काजळीनं फुल होत आलाय!”

“रुमाल स्वच्छ निघतो!”

“निघणारच ना! बाहेर जायची ती सगळी आत कोंबलीय. गाडी मध्येच घोंघावते काय? वास येतो काय?”

“येतो.”

“तेव्हा ती काजळी जाळत असते. तेव्हा तुम्ही काय करता?”

“चावी बंद!” साक्षी आणि इंदूबाई एका सुरात म्हणाल्या.

हितेशनं कपाळाला हात लावला. “म्हणजे ती बिचारी चूल पेटवते आणि तुम्ही पाणी ओतता! इथं उभ्यानं जाळून देतो, पण टाइम लागेल.”

“तिकडे माणसं जेवायची थांबलीत रे!”

“मग पळवा. खालच्या गिअरात, इंजिन ओरडू दे. एकदा जाळायला लागली की दिवा जाईपर्यंत थांबायचं नाही. काय वाटेल ते झालं तरी थांबायचं नाही, काका!” एवढं सांगून त्यानं दिव्यावरची चिकटपट्टी काढली आणि शिवदासरावांच्या शर्टाच्या खिशावर चिकटवली.

पण पळवायची कुठं? वडखळपर्यंत रस्त्यात खड्डे, पुढे ट्रेलरांची रांग. उरणजवळ रस्ता मोकळा झाला तेव्हा कुठं गाडीला कंठ फुटला. पंखा घोंघावला, वास सुटला. साक्षीनं हितेशला फोन लावून स्पीकर चालू केला.

“लागली जाळायला! आता थांबू नका!” हितेश ओरडला.

आणि समोर स्वराजचं घर आलं!

दारात सगळं घर उभं. कोकिळाबाईंच्या हातात पाण्याचा तांब्या, सुजित हात उंचावून पुढे आलेला. शिवदासरावांनी स्टिअरिंग सोडून दोन्ही हात जोडले, “जय भीम!” म्हणाले आणि गाडी भुर्रकन पुढे!

“अहो, स्टिअरिंग!” इंदूबाई किंचाळल्या. मग त्यांनीच काचेतून मान बाहेर काढून सांगितलं, “येतो हं!” पण ते ऐकायला फक्त शेजाऱ्यांची म्हैस उरली होती.

मिठागराला वळसा घालून गाडी पुन्हा घरासमोर आली. आता शेजारीही जमले होते. दुसऱ्या गिअरात गाडी अशी किंचाळत होती, की जणू तिलाच बळजबरीनं बोहल्यावर चढवतायत.

“हात केला, थांबलं न्हाईत!” कोकिळाबाईंचा आवाज इंजिनच्या वर चढला. “घर पसंत न्हाय वाटतं! व्हय?”

साक्षीच्या फोनवर स्वराजचा फोन येत राहिला. “उचलू?”

“नको, हितेश सुटेल!” शिवदासराव ओरडले.

“हितेश सुटू द्या! इथं स्थळ सुटतंय! आजोबा, आता थांबला नाहीत तर मी उडी मारते!”

 चौलची वाट इंदूबाई हसत सांगत आल्या होत्या. पण ही पोरगी हा दिवस हसत सांगणार नव्हती. तिसऱ्या फेरीला कोकिळाबाई तांब्या घेऊन आत चाललेल्या दिसल्या, तेव्हा इंदूबाईंनी शाळेतला आवाज काढला, “थांबवा म्हणते ना!”

थांबवावीच लागली. कारण सुजित ट्रेलर अडवावा तसा हात पसरून रस्त्याच्या मध्ये उभा होता. तो तरातरा काचेशी आला. “काय चाललंय ह्ये? आमच्या म्हातारीचा मान…” बोलता बोलता त्यानं नाक वर केलं. वास घेतला. पंखा ऐकला. लुकलुकणारा पिवळा दिवा बघितला.

“काजळी जाळताय?”

“हो,” शिवदासराव जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाले.

“मग थांबलात कशाला, येड्यासारखं! चला, आम्ही पण बसतो! आई, ये! पोह्यांच्या बशा घे! आमचे पण ट्रेलर असंच करतात!”

सुजित पुढे शिवदासरावांच्या शेजारी. कोकिळाबाई तांब्यासकट मागच्या सीटवर, इंदूबाईंच्या मांडीला मांडी लावून. साक्षी आणि स्वराज पोह्यांच्या बशा धरून सामानाच्या जागेत. सारी बोलणी मिठागराभोवती फिरत, इंजिनच्या वर आवाज चढवत झाली.

“देण्याघेण्याचं काय?” इंदूबाई.

“न्हाय घेत आम्ही!” कोकिळाबाई.

“लग्न कधी?”

“बुद्धपौर्णिमेनंतर!”

मिठागरातल्या बायका फावडी टेकून ऐकत होत्या. त्यांनी तिथूनच टाळ्या वाजवल्या. आणि त्याच वेळी दिवा गेला!

दारात गाडी थांबवून शिवदासराव ऐटीत उतरले. “म्हटलं होतं ना, दिवा खोटा आहे म्हणून! आपोआप गेला! यंत्राला काय दुखतंय ते मला नुसत्या आवाजावरून…”

इंदूबाईंची नजर सवयीनं पायांकडे गेली. तेवढ्यात कोकिळाबाईंनी त्यांना हाताला धरून बाजूला घेतलं.

“बाय, सोयरीक पक्की. घर तर तुम्ही चारी बाजूंनी बघितलंत. फकस्त एक ऐका,” त्यांनी आवाज खाली आणला, “लग्नाला येताना रिक्षानं या.”