मेंढरं बसवून वाचवलेली शाळा

कडेगावच्या पलीकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट घटता घटता दोनवर आला. ती दोघंही जुळी असल्यामुळे एकाला ताप आला की शाळेला आपोआप सुट्टी पडे. पट वाढला नाही तर शाळा बंद, असं वरून कळवण्यात आलं आणि शाळा समितीचे अध्यक्ष, निवृत्त सुभेदार लालासाहेब यांची झोप उडाली. शाळा गेली की समिती जाणार, समिती गेली की अध्यक्षपद, आणि त्यामागोमाग पंधरा ऑगस्टची झेंड्याजवळची खुर्ची.

सभा भरली. मातृभाषेवर लालासाहेब तासभर बोलले. प्रत्येक घरानं पोर याच शाळेत घालावं, असा ठराव एकमतानं झाला. फक्त प्रत्येकाच्या मनात शेजारचं घर होतं. तेवढ्यात इंग्रजी शाळेची पिवळी व्हॅन आली आणि सभासद आपापली पोरं उतरवून घ्यायला धावले. व्हॅन लालासाहेबांच्याच मुलाची, विश्वजितची.

मग लालासाहेबांना युक्ती सुचली. खतासाठी गाव दरवर्षी रानात मेंढरं बसवतं. माणदेशातून केरबा मेंढपाळाचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, येतो. मेंढरांमागं बिऱ्हाडं, बिऱ्हाडांमागं पोरं. यंदा जास्तीचं धान्य कबूल करून केरबाचा मुक्काम वाढवला. मेंढरं रानात बसली, पोरं वर्गात बसली. एकाच धान्यात दोन्हीकडची सोय झाली.

उत्कर्षा मॅडमनी त्या पोरांना जीव लावून शिकवलं. तपासणीच्या दिवशी केरबाची शिवांजली साहेबांपुढे न अडखळता वाचू लागली. साहेबांनी शाळा आदर्श ठरवली आणि लालासाहेबांनी हार घालून घेतला.

हार वाळायच्या आत शिवारातला चारा संपला. केरबा घोड्यावर बिऱ्हाड लादताना दिसताच लालासाहेब अनवाणीच धावले.

“अरं केरबा, एवढी चांगली शाळा सोडून कुठं निघालास?”

“आवं सुभेदार, आमी चाऱ्यापायी जातुय. शाळा एवढी चांगली हाय, तर तुमची नातवंडं त्या पिवळ्या गाडीतनं कशापायी गेली?”

“सगळ्यांचीच जात्यात रं,” लालासाहेब म्हणाले.

“व्हय,” केरबानं समजुतीनं मान हलवली. “मेंढराचंबी तसंच हाय. एक वळलं की समदी वळत्यात.”

शिवांजली घोड्यावर बसून पुस्तक वाचत गेली. शाळेला कुलूप लागलं. सगळ्या गावाला फार वाईट वाटलं, अगदी मनापासून. वाचून तुम्हालाही वाटलं असेलच. विश्वजितच्या व्हॅनमध्ये मागच्या बाकावर अजून दोन जागा आहेत, लवकर कळवावं.