मेंढरांनी खाल्लेलं गाव

हुसेनचाचा मेंढीच्या मटणाला हात लावत नसत. का, म्हणून विचारलं की शांतपणे सांगत, "मेंढरांनी आमचं गाव खाल्लं." चाचा मूळचे रत्नागिरीकडचे आणि हे गाव इंग्लंडातलं!

साठच्या दशकात दुबईत एका इंग्रज इंजिनिअरकडे ते स्वयंपाकी होते, त्याच्याच कचेरीत मी टायपिस्ट. साहेबाला संध्याकाळी आपल्या गावाबद्दल बोलायची सवय आणि ऐकायला चाचांशिवाय कुणी नाही. ऐकता ऐकता चाचांनी ते गाव दत्तकच घेतलं. मी जेवायला गेलो की ओट्यावर गाव मांडत. बटाटा म्हणजे चर्च, कांदे म्हणजे घरं, काबुली चणे म्हणजे मेंढरं. जुन्या काळी जमीनदाराने लोकरीच्या लोभाने शेतांत मेंढरं सोडली, कुळं हाकलली, असं सांगत एकेक कांदा टोपलीत टाकत. शेवटी बटाटा आणि दोन कांदे उरत. "खलास," म्हणून सुस्कारा सोडत आणि मग कुठे आमच्या जेवणाला फोडणी पडे. साहेबाला मटण जीव की प्राण, पण बिचारा वर्षानुवर्षं सुरमईवर राहिला.

दुसऱ्याच्या गावावर एवढी माया करणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

एका हिवाळ्यात साहेब तापाने गेला. त्याला मूलबाळ नव्हतं आणि गावात उरलेल्या त्या दोन घरांतली म्हातारी माणसंही आधीच गेली होती.

पुढे शबेबरात आली. त्या दिवशी घरातल्या गेलेल्यांसाठी फातेहा पढतात. चाचांनी हलवा केला, बशी पुढे ठेवली, घरच्यांची नावं पुटपुटले. मग साहेबाचं नाव घेतलं आणि त्यामागोमाग साहेबाच्या तोंडून ऐकलेली सगळी नावं: जॉन लोहार, त्याची मेरी, चर्चची घंटा वाजवणारा टॉमस.

मला राहवलं नाही. "चाचा, ही माणसं ख्रिस्ती. चालतं का हे?"

"ते अल्ला बघून घेईल. तिकडे त्यांचं नाव घेणारा आता कोण राहिला, भाऊ?"

चाचांनी हलव्याची बशी माझ्यापुढे सरकवली.

"माझी आई पण गावाला एकटीच आहे कबरीत. घराला कुलूप, आम्ही सगळे पोटामागे इकडे. जाणारा-येणारा कुणी तिच्यापाशी थांबत असेल, इन्शाल्ला."

मी त्यांच्या आईचं नाव विचारलं.

"जैनब," चाचा म्हणाले, आणि मी ते नीट ऐकावं म्हणून पुन्हा एकदा सांगितलं.