बिनमातीचं झाड आणि दिवसपाळी

“टांगायचंच आहे ना? अगं, आपला धंदाच तो!” असं वायरमन छाती फुगवून म्हणाला. माणूस थकला की असलं काहीतरी बोलून बसतो, आणि हा तर कायमचाच थकलेला. दिवसभर लोकांच्या घरी शिडीवर चढायचं, आणि संध्याकाळी आपल्या घरी यावं तर बायको दारात चपला घालत उभी! ती हॉस्पिटलात नर्स. कित्येक महिने तिच्या नशिबी रात्रपाळीच. तो आत यायचा, ती बाहेर पडायची. संसार म्हणायचा, पण बोलणं “गॅस बंद केलाय” आणि “किल्ली घेतली का” एवढंच!

त्या संध्याकाळी तिच्या हातात ओल्या टॉवेलात गुंडाळलेलं झाड होतं.

“मेट्रनबाईंचं ऑर्किड आहे. व्हँडा म्हणतात. बाई लेकीच्या बाळंतपणाला चालल्यात, तोवर आपण टांगून सांभाळायचं. अहो, सगळ्यांच्या ड्यूट्या त्याच लावतात! हे फुललं ना, की मी सरळ दिवसपाळी मागणार.”

“आणि मेलं तर?”

“तर रिटायर झाल्यावर भेटू,” असं म्हणून ती बस पकडायला पळाली.

वायरमनने टॉवेल सोडला आणि त्याच्या अंगावर काटाच आला. वर थोडी पानं, आणि खाली हातभर लांब राखाडी मुळं, एकमेकांत गुंतलेली, लोंबकळणारी! जुन्या मीटरबॉक्सचं दार उघडल्यासारखंच. लोंबत्या वायरी दिसल्या की याचे हात शिवशिवतात. त्याने मुळं सरळ केली, त्यांची जुडी बांधली, प्लास्टिकच्या टायने जागोजागी आवळली, आणि भिंतीवरच्या वायरी झाकायची केसिंग पट्टी असते, तिच्यात ती जुडी बसवून वरून झाकण दाबलं. खट्! इतकं सुबक काम त्याने गिऱ्हाइकाकडेसुद्धा कधी केलं नव्हतं.

सकाळी बायको आली, भिंत बघितली, आणि खांद्यावरची पर्स खाली ठेवायचंच विसरली.

“अहो, हे काय केलंत! याची मुळंच हवेत राहतात, पाणीही तिथूनच पितात. याला माती नको, कुंडी नको, काही म्हणजे काही नको!”

“काही नको म्हणणारं या घरात पहिलंच कोणीतरी आलं,” वायरमन पुटपुटला आणि टाय कापायला बसला. एक मूळ कटकन तुटलं. दिवसपाळीचा एक तुकडाच फरशीवर पडला होता.

मग झाड बाल्कनीच्या गजाला टांगलं. पण ते वायरमनच्या आईला बघवेना. दुपारी सून झोपलेली, मुलगा कामावर. संध्याकाळी तो येतो तर झाड जुन्या बादलीत, मातीत गळ्यापर्यंत पुरलेलं!

“आई, अगं, हे काय?”

“अरे, बिचारं उघडंवाघडं लटकत होतं! पाहुणं आलंय, त्याच्या पायाशी मूठभर माती नको?”

“तुझी सून कुठाय?”

“घाईघाईत गेली. तिने बघितलं नाही.”

देवच पावला! वायरमनने झाड उपटलं, बाथरूममध्ये नेलं आणि नळाखाली मुळं धूत बसला. चिखलाने मोरी तुंबली. मोरी उपसता उपसता त्याची कंबर धरली. शेवटी झाड शॉवरला अडकवून तो तसाच जाऊन आडवा झाला.

सकाळी बाथरूममधून बायकोची किंकाळी आली. वायरमन उठायच्या आधीच म्हणाला, “मी नाही, आईने!”

“अहो, मुळं हिरवीगार झालीत! म्हणजे पोटभर पाणी प्यायलंय! आणि बाथरूमच निवडलंत? याला दमट हवाच लागते! तुम्हाला कसं हो सुचलं?”

वायरमनने नुसती मान डोलावली. दमलेल्या माणसाच्या अंगात श्रेय नाकारायची ताकद नसते.

झालं! झाड बाथरूममध्ये कायम झालं. उजेड कमी पडतो म्हणून वायरमनने तिथे मोठे दिवे लावले. साबणाचे शिंतोडे झाडाला चालणार नाहीत, गरम पाण्याची वाफ चालणार नाही. बायको हॉस्पिटलातच आंघोळ उरकू लागली. वायरमन काय, ओल्या फडक्याने अंग पुसून घ्यायचा. आई मात्र टॉवेल घेऊन खालच्या मजल्यावरच्या मावशींकडे जाऊ लागली. “आमच्याकडे आंघोळ बंद आहे. सुनेने सांगितलंय,” एवढंच ती तिथे बोलली. पुढचं बिल्डिंगने आपल्या मनाने जोडलं.

एका रविवारी मावशीच तरातरा वर आल्या. “आई म्हणजे काय अडगळ आहे का हो? म्हाताऱ्या बाईला पाणी तोडता?”

वायरमनने बाथरूमचं दार उघडलं. आत लख्ख उजेड, आणि मधोमध झाड, सासुरवाडीला आलेल्या जावयाच्या थाटात.

“म्हणजे... झाडासाठी?” मावशींनी तोंडाला पदर लावला. “मला वाटलं होतं, तुम्ही नुसते दुष्ट आहात.”

एवढं सगळं सोसल्यावर एकदाचा झाडाने दांडा काढला. दांड्याला कळ्या आल्या. कळ्या उमलल्या, चांगली तळहाताएवढी, निळी-जांभळी फुलं! बायको झोप सोडून त्यांच्याकडे बघत बसायची. तिला रडूच आलं एकदा. “आता संध्याकाळचा चहा दोघं मिळून घ्यायचा हं,” ती म्हणाली. वायरमनलाही भरून आलं, पण त्याला कामाला उशीर होत होता.

मेट्रनबाई परत आल्या, त्या तडक घरी. झाड बघून त्यांनी गालावर हातच ठेवला.

“बाई गं! माझ्याकडे कधी एक कळी धरली नाही याने! काय केलंस तरी काय?”

कौतुक ऐकून बायको फुलली. “काही नाही हो बाई! सकाळी घरी आले की आधी याची मुळं भिजवायची, मगच झोपायचं. दुपारी उठून पुन्हा भिजवायची. दिवसभर माझं लक्ष याच्यावरच!”

वायरमनने मागून खूण केली. बायकोने घसा साफ केला. “बाई, एक विनंती होती. मला दिवसपाळी...”

“छे छे, भलतंच!” मेट्रनबाईंनी तिचा हात हातात घेतला. “दिवसा तू घरी असतेस म्हणून तर हे फुललं! आता तुझी रात्रपाळी कोणी हलवून दाखवावी. शब्द आहे माझा! आणि माझ्याकडची बाकीची झाडंही उद्या इकडेच पाठवते.” मग त्या वायरमनकडे वळल्या. “आणखी हूक लागतील हो.”

“लावतो,” वायरमन म्हणाला आणि शिडी आणायला गेला.