ब्रेमेसाहेबांनी ऐकलेली वीज

"ऐक, ऐक! म्हातारा कसला सुटलाय बघ!"

ओटोकार ब्रेमे खुर्चीतून उठून हवेत हात फिरवू लागले. ल्यूबेकच्या दैनिकात ते तीस वर्षे संगीतसमीक्षा लिहीत होते. त्यांनी नाक मुरडलेली रेकॉर्ड शहरात कुणी फुकटसुद्धा घरी नेत नसे. आज कसोटीला होती शहराच्या वाद्यवृंदाचे संचालक फोल्कमार झाय्डलिट्झ यांची नवी रेकॉर्ड. वादळ, विरह, मृत्यू आणि शेवटी विजय, असे सगळे असलेली भव्य सिंफनी. झाय्डलिट्झ ऐंशीचे. त्यांच्या संथपणाला कंटाळून वाद्यवृंदाची समिती त्यांचा निरोपसमारंभ उरकण्याच्या बेतात होती.

ब्रेमेंनी लिहिले, "या वयात ही वीज! तरुण संचालकांनी माना खाली घालाव्यात. सूरसुद्धा नेहमीपेक्षा उजळ."

लेख छापून आला आणि समितीने निरोपसमारंभ रद्द केला. उलट, तीच सिंफनी शनिवारी प्रत्यक्ष वाजणार असे जाहीर केले. तिकिटे हातोहात संपली.

शुक्रवारी ब्रेमेंच्या पत्नीने, आल्मुटने, आपल्या लाडक्या गायिकेची रेकॉर्ड लावली. गायिका भलत्याच किनऱ्या आवाजात ओरडू लागली.

"हिला काय चावलं?" आल्मुटने वाकून पाहिले. "अरे ओटोकार, ग्रामोफोनचा हा वेगाचा खटका मधेच अडकलाय! सगळंच पळतंय."

ब्रेमेंनी खटका सरळ करून सिंफनी लावली. वादळ येईपर्यंत कॉफी गार झाली.

"खुलासा छाप," आल्मुट म्हणाली.

"काय छापू? तीस वर्षं ज्या कानांवर पोट भरलं, ते बहिरे निघाले म्हणून?"

"मग झाय्डलिट्झना फोन तरी कर. बिचारे तुझ्या लेखापायी उद्या मंचावर कोसळायचे."

ब्रेमेंनी फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला आणि पुन्हा ठेवला.

शनिवारी झाय्डलिट्झ यांनी संचालनाची काठी उचलली आणि सिंफनी सुसाट सुटली. ट्रॉम्बोनवाल्यांना श्वास घ्यायला जागा सापडेना. विरह चुटकीसरशी आटोपला, मृत्यू आला तसा गेला. बासरीवाला एक ओळ मागे पडला तो शेवटपर्यंत कुणाला सापडला नाही. म्हाताऱ्याच्या लाल झालेल्या मानेकडे पाहत ब्रेमे घामाघूम. एकदाचा विजय झाला आणि अख्खे सभागृह उभे राहून टाळ्या पिटू लागले.

ब्रेमे मंचामागच्या खोलीत धावले. झाय्डलिट्झ धापा टाकत, पण मजेत बिअर पीत बसले होते.

"साहेब, मला एक कबूल करायचंय. ती रेकॉर्ड..."

"संथ आहे," म्हातारा म्हणाला. "मीच वाजवून घेतलीय ना! तुमचा लेख वाचला आणि तेव्हाच ओळखलं, यांचं यंत्र बिघडलंय."

"मग बोलला का नाहीत?"

"वेड लागलंय का मला? कित्येक वर्षांनी कुणी माझ्याबद्दल बरं लिहिलं."

मग दाराकडे एक नजर टाकून त्यांनी आवाज खाली आणला.

"ते यंत्र दुरुस्तीला नाही ना टाकलंत? वसंतात माझी दुसरी रेकॉर्ड येतेय."